गिअरपेटीच्या तेलनळ्या : मार्ग आणि नावे

प्रवाहाचा मार्ग आखणे ही छत्रपती संभाजीनगरास नवी गोष्ट नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने बांधविलेल्या भूमिगत नहर-ए-अंबरीने शहराबाहेरील पाणी शहरात आणले. त्या नहरीचा मार्ग भूमीच्या उताराने ठरविला होता. आज याच शहरालगत वाळूज आणि शेंदरा येथे वाहने तयार होतात, आणि गावातील दुरुस्तीशाळांना निराळ्या प्रवाहाचा मार्ग आखावा लागतो. आडवाटेने चालणाऱ्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीतील तेल थंड होण्यासाठी ज्या दोन नळ्यांतून जाते व परत येते, त्यांचा मार्ग बदलण्याचे हे काम होय. प्रस्तुत लेखात या कामाचे तत्त्व आणि त्यात वापरले जाणारे शब्द या दोहोंचा विचार केला आहे. कारण यातील काही चुका हाताच्या नसून शब्दांच्या असतात.

जुन्या जीपला हा प्रश्न नव्हता. तिची गिअरपेटी हाताने चालविण्याची असल्यामुळे आतील तेल पेटीतच राही व बाहेरील वाऱ्याने निवे. स्वयंचलित पेटीची गोष्ट वेगळी आहे. नाशिक येथे बनणाऱ्या थार गाडीत २०२० सालापासून अशा पेटीचा पर्याय उपलब्ध आहे. या प्रकारच्या पेटीत इंजिनाची शक्ती प्रथम तेलाच्या द्वारे पुढे जाते. गाडी जड भाराने, मंद गतीने चढण चढू लागली म्हणजे हे तेल घुसळले जाते आणि शक्तीचा काही अंश उष्णतेत जातो. साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानात हे तेल सुखरूप असते. १२० अंशांपलीकडे ते झपाट्याने बिघडू लागते. मे महिन्यातील मराठवाड्याचे ऊन, कन्नडचा औट्रम घाट आणि खडकाळ पायवाट एकत्र आली की तेल निववणे किती अगत्याचे आहे हे सहज ध्यानात येते.

मग नळ्यांचा मूळ मार्ग बदलावा तरी का लागतो? कारखान्याने तो रस्त्यावरील प्रवासासाठी आखलेला असतो. मालक गाडी उंच करतो, मोठे टायर बसवितो, पुढे विंच लावतो किंवा तेल निववणारी जाळी मोठी घेतो. त्यायोगे नळी कोठे टायरला घासते, कोठे धुराड्याच्या नळाजवळ येते, तर कोठे दगडाच्या माऱ्यात सापडते.

नव्या मार्गाची पथ्ये थोडकी आहेत. नहरीतील पाणी उताराने वाहते. तेल पंपाच्या दाबाने वाहते, म्हणून नळी वर चढविण्यास हरकत नाही. परंतु ती धुराड्याच्या नळापासून व फिरत्या दांड्यापासून दूर असावी आणि सांगाड्याच्या खालच्या कडेच्या वर राहावी. इंजिन रबरी बैठकांवर हलत असते, सांगाडा हलत नाही; म्हणून त्या दोहोंमधील तुकडा लवचीक व किंचित सैल हवा. वळण गोल असावे. नळी मुरडली की प्रवाह रोधला जातो. पत्र्यातून नळी नेताना छिद्रास रबरी कडे बसवावे. रबरी नळी गिअरतेलाच्या उष्णतेस व दाबास टिकणाऱ्या जातीचीच घ्यावी. पाण्याची नळी तेथे फार काळ टिकत नाही. काम संपल्यावर इंजिन चालू करून सांधे पाहावेत आणि तेलाची पातळी पुन्हा मोजावी.

येथे शब्दांचा प्रश्न उपस्थित होतो. ‘ट्रान्समिशन’साठी ‘पारेषण’ हा घडविलेला शब्द आहे. पण महाराष्ट्रात तो ऐकताच विजेच्या तारा डोळ्यांपुढे येतात. ‘शीतक’ हा शब्द त्याहून घातक ठरू शकतो. ‘क’ प्रत्ययामुळे त्याचा अर्थ ‘थंड करणारा’ एवढाच होतो. तो उपकरणासही लागू पडतो आणि रेडिएटरमधील द्रवासही. प्रत्यक्षात मात्र तेल व तो द्रव यांची गाठ पडणे हे गिअरपेटीचे मरण होय. पुष्कळ गाड्यांत तेल निववणारा भाग रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की तेल गुलाबी, दुधाळ होते आणि पेटीतील घर्षणपट्ट्या नासतात.

दुरुस्तीशाळेतील ‘लाइन’ हा शब्दही निर्दोष नाही. त्यातून नळी व नळीचा मार्ग असे दोन्ही अर्थ निघतात. ‘लाइन बदल’ असे सांगितले तर नवी नळी आणावयाची की जुनीच दुसरीकडून न्यावयाची, हे ऐकणाऱ्यास प्रसंगावरून ताडावे लागते. ‘वरची नळी’ आणि ‘खालची नळी’ ही नावे तर मार्ग बदलताच खोटी ठरतात. उलट ‘जाणारी’ आणि ‘परतीची’ ही नावे मार्ग कितीही बदलला तरी खरी राहतात, कारण ती स्थान न सांगता कार्य सांगतात. ज्या जाळीत तापमानानुसार उघडणारी झडप असते, तेथे दिशा चुकून चालत नाही. अशा वेळी या दोन साध्या शब्दांवर सारे काम अवलंबून असते.

परिभाषा संस्कृत असावी की इंग्रजी, हा वाद मराठीत जुना आहे. या दोन नळ्यांपुरते पाहिले तर शब्दाचे कूळ गौण ठरते. ‘नहर’ अरबी, ‘नळी’ संस्कृतोद्भव, ‘पाईप’ इंग्रजी. तिन्ही येथे रुळले आहेत. गाडीखाली निजून काम करणाऱ्या माणसाला वरून सांगितलेला शब्द एकाच वस्तूकडे नेतो की नाही, हीच परिभाषेची खरी कसोटी होय.