खाणीतल्या पाण्याचे गणित

वसई-विरारच्या पूर्वेकडील डोंगरांत आपल्याला दगडखाणी दिसतात. खडी काढून झाली की उरलेला खड्डा पावसाळ्यात भरतो आणि पोहायला उतरलेल्या मुलांच्या जिवावर बेततो. अशा खड्ड्यांचा विजेसाठी उपयोग होईल का?

ऑस्ट्रेलियातील किडस्टन येथील सोन्याची खाण 2001 साली बंद पडली. 2017 साली तिच्या जागेवर 50 मेगावॅटचे सौर केंद्र उभे राहिले. पुढे तिथल्याच दोन खड्ड्यांचे जलाशय करून उदंचन केंद्राचे काम हाती घेण्यात आले. दिवसा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे.

आता आपले गणित मांडू. समजा, 1 हेक्टर पसरलेली खाण 10 मीटर खोल आहे. तिच्यात 1 लाख घनमीटर, म्हणजे 10 कोटी किलो पाणी मावेल. ते 50 मीटर उंचीवरून सोडले, तर स्थितिज ऊर्जा 4,900 कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे 13,600 युनिट. 20 टक्के घट धरली, तरी सुमारे 10,900 युनिट हाती येतात. याच पाण्यावर तरंगती सौर पॅनेल बसवली, तर दिवसाला अंदाजे 4,000 युनिट मिळतील.

अडचणी दोन. वर तेवढाच मोठा तलाव हवा, आणि उंची पुरेशी हवी. आपल्या घाटघर केंद्राला सह्याद्रीच्या कड्यामुळे सुमारे 400 मीटर उंची लाभते, म्हणून तेवढ्याच पाण्यातून आठपट ऊर्जा मिळते.

विद्यार्थ्यांसह गावाजवळच्या खाणीचे असे गणित जरूर करा. मात्र मोजमाप नकाशावरूनच घ्या, काठावर जाऊन नव्हे. वीज पुढे होईल तेव्हा होईल, खाणीभोवती कुंपण आधी हवे.