दारांच्या मुठी आणि तीन धातु

नवें घर बांधतांना माणूस पायाची चिंता करतो, छपराची करतो, दिवाणखान्याच्या रंगाची तर महिना महिना चर्चा करतो. परंतु ज्या वस्तूला घरांतील प्रत्येकाचा हात दिवसांतून वीस-पंचवीस वेळां लागतो, त्या दाराच्या मुठीचा विचार अगदीं शेवटीं, म्हणजे पैसा आणि धीर हे दोन्ही संपत आल्यावर होतो. या उपेक्षेचा परिणाम काय होतो व ती कशी टाळावी, हें एका घरच्या अनुभवावरून वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

आमच्या एका स्नेह्यांनीं बारामतीस नुकतेंच घर बांधलें. कऱ्हेच्या कांठचें हें गांव. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें कविवर्य मोरोपंत येथेंच राहिले व १७९४ सालीं येथेंच निवर्तले. सांप्रत याच गांवाच्या एका अंगास औद्योगिक वसाहत पसरली असून तीनचाकी वाहनांपासून दुधाच्या पदार्थांपर्यंत नाना वस्तु तेथें तयार होतात. स्नेह्यांचे धाकटे बंधु तेथील एका कारखान्यांत अभियंते आहेत. घरांत दोघे भाऊ, दोघी जावा, चार मुलें आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजी असा परिवार आहे. आजींचें सासर इंदापूर तालुक्यांतलें. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं तें जुनें घर गेलें. गांव सोडतांना आजींनीं माजघराच्या दाराची पितळी कडी आणि कोयंडा तेवढा काढून आणला, आणि भाड्याच्या घरांतून भाड्याच्या घरांत तो आजवर फडक्यांत बांधून जपला.

नव्या घराला एकंदर चौदा दारें. आजींचें म्हणणें, दाराला पितळच हवें. धाकट्या बंधूंचें मत, घासलेल्या मंद चकाकीचें स्टेनलेस पोलाद घ्यावें, म्हणजे देखभालीची कटकट नाहीं. थोरल्या वहिनींना हल्लींच्या पद्धतीच्या काळ्या मुठी आवडलेल्या. त्यांतच न्हाणीघरांतले नळ आधींच क्रोमचे, आरशासारखे चकचकीत, बसून गेले होते. “एका घरांत चार धातु म्हणजे मोडीचें दुकान!” असें थोरले बंधु म्हणाले, आणि पंधरा दिवस त्या घरांत जेवतांना याखेरीज दुसरा विषय निघाला नाहीं.

तों एके दिवशीं निराळाच प्रसंग घडला. भाड्याच्या जागेंत न्हाणीघराच्या दाराला गोल गुळगुळीत मूठ होती. आजी स्नान करून निघाल्या. हात साबणाचे व बोटें संधिवातानें आखडलेलीं. मूठ कांहीं फिरेना. बाहेरून दार उघडण्याची सोयच नव्हती. सुतार येऊन कुलूप फोडीपर्यंत पाऊण तास गेला. आजी बाहेर आल्या त्या ओलेत्यानें कुडकुडत. त्यांनीं कोणासही बोल लावला नाहीं. “मला आपलें साधी कडीच बरी,” एवढेंच म्हणाल्या. परंतु त्या दिवसापासून त्या घरांत प्रश्नांचा क्रम बदलला. मूठ डोळ्यांना कशी दिसेल हें मागें पडलें आणि हाताला ती कशी लागेल हें पुढें आलें. माझ्या मतें हाच क्रम बरोबर होय.

हाताच्या दृष्टीनें पाहतां गोल मुठीपेक्षां आडव्या दांडीचें हँडल शतपटीनें बरें. गोल मूठ बोटांनीं आवळून फिरवावी लागते; दांडी मनगटानें, कोपरानें, कडेवर मूल असतांनाही दाबतां येते. दांडीचें टोंक दाराकडे वळलेलें असावें, म्हणजे पदर किंवा पिशवी तींत अडकत नाहीं. जमिनीपासून सुमारें एक मीटर उंची सर्वांना सोयीची पडते. न्हाणीघरास व शौचालयास आंतून फिरकीची कडी असलेलें, पण बाहेरून नाणें घालून उघडतां येईल असें कुलूप मिळतें, तेंच घ्यावें. वृद्ध व लहान मुलें असलेल्या घरांत ही चैन नसून गरज आहे. अशा दारांना आंतून आणखी बोल्ट ठोकूं नये. नाहीं तर सर्व सोय व्यर्थ जाते.

दुसरा प्रश्न धातूचा. वरून सोन्यासारखी दिसणारी प्रत्येक मूठ पितळी नसते. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. बाजारांत पुष्कळ मुठी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या किंवा लोखंडाच्या असून त्यांवर केवळ मुलामा असतो. लोहचुंबक लावल्यास लोखंड लागलेंच ओळखूं येतें. जस्ताचा मिश्रधातु मात्र चुंबकास चिकटत नाहीं. तेथें वजन पाहावें. पितळ पाण्याच्या सुमारें साडेआठ पट जड, तर जस्ताचा मिश्रधातु साडेसहा-पावणेसात पट. म्हणून त्याच आकाराची भरीव मूठ हातांत हलकी लागते. स्टेनलेस पोलादांत ३०४ या प्रतीचें, म्हणजे ज्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें तें, आपल्या कोरड्या देशावरच्या हवेंत उत्तम टिकतें. कोकणांत खाऱ्या वाऱ्यासमोर मात्र मॉलिब्डेनम घातलेलें ३१६ प्रतीचें घेणें शहाणपणाचें.

आजींच्या पितळेच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. तांब्याच्या मिश्रधातूंच्या उघड्या पृष्ठभागावर कित्येक रोगजंतु दोन तासांत बहुतेक नष्ट होतात, असें प्रयोगांतीं आढळल्यावरून अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें २००८ सालीं अशा धातूंची जंतुनाशक म्हणून नोंद केली. अर्थात् पितळेवर लाखेचा पारदर्शक थर असेल तर हा गुण उरत नाहीं, व हात धुण्याचें कामही त्यामुळें टळत नाहीं.

आतां राहिला डोळ्यांचा प्रश्न. अनेक धातु एका घरांत नांदूं शकत नाहींत हा समज चुकीचा आहे. गोंधळ होतो तो धातु अनेक असल्यामुळें नव्हे, तर कोणता मुख्य व कोणता गौण हें न ठरविल्यामुळें. एकत्र कुटुंबाचाही तोच न्याय नाहीं काय? म्हणून घरभर दिसणाऱ्या दारांसाठीं एकच मुख्य धातु धरावा. दुसरा धातु मोजक्या जागीं, पण निदान दोनदां तरी यावा. एकदांच आला तर चुकून राहिल्यासारखा दिसतो. तिसरा एखाद्या खोलीपुरताच ठेवावा. कसोटी सोपी आहे. ओटीवर किंवा बोळांत एका जागीं उभें राहावें. तेथून जितकीं दारें दिसतील तितक्यांच्या मुठी एका जातीच्या असाव्यात. दार मिटल्यावर जी खोली स्वतंत्र होते, तिच्या आंत थोडें स्वातंत्र्य चालतें.

रंगापेक्षां चकाकी जुळविणें अधिक महत्त्वाचें. मंद चकाकीचें पोलाद, मंद काळा रंग व वापरानें निवळलेलें जुनें पितळ हीं शेजारी शेजारी शोभतात; परंतु एक मूठ आरशासारखी व दुसरी धुरकट असली कीं डोळा अडखळतो. बिजागऱ्या व स्क्रू मुठीच्या रंगाचे घ्यावेत. विशेषतः पितळेच्या पट्टीला लोखंडी स्क्रू लावूं नये. ओल लागली म्हणजे दोन धातूंच्या संयोगानें लोखंड लौकर गंजतें व स्क्रू मान टाकतो. न्हाणीघराच्या दाराकडे याबाबतींत विशेष लक्ष द्यावें.

दुकानांत जाण्यापूर्वीं चार मापें कागदावर लिहून न्यावींत: दाराची जाडी; दाराच्या कडेपासून मुठीच्या मध्यापर्यंतचें अंतर; दार उजवें कीं डावें; आणि आंत उघडतें कीं बाहेर. चौदा नग एकदम आणूं नयेत. एकच आणून नेहमींच्या वापराच्या दाराला लावावा, आठ दिवस घरांतील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसाकडून तो वापरवावा, आणि मगच बाकीचे घ्यावेत.

देखभालीविषयीं एक इशारा. दिवाळीस भांड्यांबरोबर कड्या चिंच-मिठानें घासण्याची आपली रीत उघड्या पितळेला ठीक आहे. पण मुलाम्याच्या, लाखेच्या किंवा काळ्या मुठीला आंबट पदार्थ, राख वा तारेचा चोथा कदापि लावूं नये. ओलें मऊ फडकें फिरवून लगेच कोरडें करावें, एवढेंच पुरें.

आमच्या स्नेह्यांकडे शेवटीं असें ठरलें. घरांतील सर्व दारांना मंद पोलादाचीं आडवीं हँडलें, आणि न्हाणीघरांस बाहेरून उघडणारीं कुलुपें. क्रोमचे नळ न्हाणीघराच्या आंतच दिसत असल्यानें तसेच राहिले. काळ्या मुठी माडीवरच्या अभ्यासाच्या खोलींत गेल्या. तेथील कपाटेंही काळ्या मुठींचींच घेतलीं. आजींची कडी सुतारानें देवघराच्या सागवानी दाराला बसविली, आणि ती एकटी पडूं नये म्हणून झोपाळ्याच्या कड्याही पितळेच्याच केल्या.

वास्तुशांतीच्या दिवशीं मी गेलों होतों. आजी न्हाणीघरांतून निघाल्या, ओल्या मनगटानेंच दांडी दाबली, आणि दार उघडलें. नंतर देवघराशीं जाऊन त्यांनीं जुनी कडी काढली. ती मात्र त्यांनीं बोटांनींच काढली. त्या कडीचा कल त्या बोटांच्या ओळखीचा होता. “हिला तेल लागेल हो थोडें,” असें त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या, आणि वहिनी तेलाची वाटी आणावयास आंत गेल्या.