कमरेतून वळणारा ट्रॅक्टर कसा ओळखावा?

यंत्राचे नाव वाचणे आणि यंत्र ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव बोनेटवर रंगवलेले असते. रंग उडतो, पत्रा बदलला जातो, नावाची पाटी निखळून पडते. ओळख मात्र यंत्राच्या सांगाड्यात असते आणि ती सहसा पुसली जात नाही. आपल्या शाळेत शिकून बाहेर पडलेले कित्येक जण आज गॅरेजमध्ये, कारखान्यांत, शेतांवर यंत्रांच्या सान्निध्यात काम करीत आहेत. काही परदेशीही गेले आहेत. कधीही न पाहिलेले यंत्र पुढ्यात उभे राहिले असता ते कसे पाहावे, याचा एक नमुना म्हणून हा लेख वाचावा.

समजा, उत्तर इटलीतील डोंगरउतारावरच्या एका द्राक्षमळ्यात आपण नव्यानेच कामाला लागलो आहोत. शेडमध्ये एक जुना, ठेंगणा ट्रॅक्टर उभा आहे. चारही चाके सारख्याच आकाराची, इंजिन पुढे नाकासारखे बाहेर आलेले, पाटी गायब. मालक सांगतो, ‘उद्या हा वरच्या टप्प्यावर न्यायचा आहे.’ हा ट्रॅक्टर नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न येथे केवळ कुतूहलाचा राहत नाही. उतारावर तो कसा वागेल, हे त्या उत्तरावर अवलंबून असते, आणि त्या वागण्यावर चालकाचा जीव.

आपल्या परिचयाच्या ट्रॅक्टरची चौकट ताठ असते. मागची चाके मोठी, पुढची लहान. वळताना पुढची चाके तिरपी होतात, धड मात्र सरळच राहते. सपाट, मोकळ्या रानात ही रचना उत्तम चालते. परंतु द्राक्षवेलींच्या दोन ओळींत जेमतेम दीड-दोन मीटर जागा असेल, ओळ संपताच बांध किंवा कडा येत असेल आणि जमीन एका अंगाला कललेली असेल, तर हेच धड अडचणीचे ठरते. या अडचणीतून युरोपात एक वेगळीच जात उदयास आली. इटलीत फ्लोरेन्सजवळच्या कालेन्झानोचे पास्क्वाली, मोडेना परगण्यातील गोल्डोनी, पादुआजवळच्या कांपोदार्सेगोचे अंतोनिओ करारो आणि जर्मनीत मेट्झिंगेनचे होल्डर ही या जातीच्या निर्मात्यांपैकी काही ठळक नावे होत. अमेरिकेत ओहायो राज्यात तयार होणारा व्हेंट्रॅक हा याच कुळातला. मात्र त्याचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते आणि अवजारे पुढे जोडतात.

या जातीची पहिली खूण म्हणजे कंबर. यंत्राचे पुढचे व मागचे असे दोन स्वतंत्र भाग असतात आणि ते मध्यभागी एका उभ्या, जाड पिनेवर बिजागरीसारखे जोडलेले असतात. चालकाने स्टिअरिंग फिरवले की हायड्रॉलिक सिलिंडर एका भागाला दुसऱ्यापासून ढकलतो आणि सबंध यंत्र कमरेतून वाकते. चाके आपल्या ॲक्सलशी काटकोन सोडीत नाहीत. महामार्गाच्या कामावर माती दाबणारा व्हायब्रो रोलर वळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. सांधा दोन्ही ॲक्सलच्या बरोबर मध्ये असेल, तर वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्याच चाकोरीतून जातात. त्यामुळे पुढचा भाग ज्या अरुंद जागेतून निघाला, तेथून मागचाही निघतो. वेलीच्या खोडाला चाक घासत नाही.

दुसरी खूण म्हणजे पीळ. याच सांध्याजवळ आणखी एक हालचाल असते: पुढचा भाग डावीकडे कलला तरी मागचा सरळ राहू शकतो. खडबडीत जमिनीवर चारही चाके भुईला टेकलेली राहावीत आणि इंजिनाची ताकद प्रत्येक चाकापर्यंत पोचावी, यासाठी ही योजना. अंतोनिओ करारो यांच्या एका प्रसिद्ध चौकटीत हा पीळ सुमारे १५ अंशांपर्यंत जातो. पुढे अडकाव येतो आणि दोन्ही भाग एकत्र कलू लागतात. हा अडकाव कोठे आहे, हे शोधून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी खूण वजनाच्या वाटणीची. इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेले असते, म्हणून रिकाम्या ट्रॅक्टरचे अधिक वजन पुढच्या चाकांवर येते. ढोबळमानाने शंभरातले साठ भाग पुढे, चाळीस मागे. पाठीमागे नांगर, रोटाव्हेटर किंवा फवारणीची टाकी जोडली की दोन्ही ॲक्सलांवरचा भार समतोलाकडे येतो. चारही चाके एकाच व्यासाची आणि चारही चाकांना जोर, ही व्यवस्था या समतोलासाठीच आहे.

येथे नवख्याची फसगत होण्याच्या तीन जागा आहेत. पहिली: चारही चाके सारखी म्हणजे कंबर आहेच, असे नव्हे. करारो यांच्याच मालिकांत एसआरएक्स हा कमरेतून वाकणारा, तर टीआरएक्स हा वळताना कमरेतून न वाकणारा व चाके वळवणारा आहे. दुरून दोघे जुळे भाऊ वाटतात. दुसरी: कंबर आहे म्हणजे चाके वळत नाहीतच, असेही नव्हे. बीसीएसच्या ‘ड्युअलस्टीअर’ रचनेत कंबरही वाकते आणि पुढची चाकेही वळतात. तिसरी फसगत आपल्या कोकणातल्या माणसाची होऊ शकते. पॉवर टिलरला ट्रॉली जोडली की तोही मधून वाकताना दिसतो. पण तो सांधा म्हणजे केवळ जोडकडी होय. त्याला वळवतात ते हातातल्या दांड्यांनी. सांध्याला ढकलणारा सिलिंडर तेथे नसतो. म्हणून स्टिअरिंग फिरवल्यावर नेमके काय हलते, हे पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

हे पाहण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. सांधा निरखायला वाकायचे असेल, तर आधी इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, अवजार जमिनीवर टेकवावे. कमरेला अडसर लावण्याची सोय असेल तर तो लावावा. इंजिन चालू असताना दोन भागांच्या मधल्या फटीत हातपाय घालणे म्हणजे मिटणाऱ्या कात्रीत बोट घालणे होय; कोणाचा तरी हात चुकून स्टिअरिंगला लागला तरी पुरे. वळण्याची हालचाल पाहायची असेल तेव्हा दुसऱ्याला चालकाच्या जागी बसवून आपण दूर, बाजूला उभे राहावे.

जात कळल्यानंतर नावाकडे वळावे. इंजिनावरची पाटी वाचून ट्रॅक्टरचे नाव ठरवण्याची चूक फार जण करतात. या छोट्या ट्रॅक्टरांचे निर्माते बहुधा इंजिन बाहेरून घेतात. जुन्या इटालियन यंत्रांवर ‘लोम्बार्डिनी’ असे दिसेल, काहींवर ‘यानमार’ किंवा ‘कुबोटा’. ती इंजिनाची नावे आहेत. ट्रॅक्टरचा क्रमांक चौकटीच्या लोखंडावर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने माती-ग्रीस काढून तो शोधावा. रंगावरही विसंबू नये. बीसीएस, फेरारी आणि पास्क्वाली ही तीन नावे आज एकाच उद्योगसमूहाची आहेत आणि जवळजवळ तेच यंत्र वेगळ्या रंगात, वेगळ्या नावाने विकले जाते. (हे फेरारी मोटारवाले नव्हेत.) सुटे भाग मागवताना चौकटीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि सांध्याचे स्वच्छ छायाचित्र ही तीन साधने हाताशी असली, तर जाणता विक्रेता बहुतेक वेळा योग्य भागापर्यंत पोचतो.

जुने यंत्र विकत घेणाऱ्याने सांध्याची झीज अवश्य तपासावी. उभ्या पिनेत खेळ निर्माण झाला असेल, तर सरळ रस्त्यावरही ट्रॅक्टर नागमोडी चालू लागतो. ताकद नेणारा शाफ्टही बहुधा याच कमरेतून जातो. त्याचा क्रॉस झिजला की खडखडाट ऐकू येतो. कंबर हेच या यंत्राचे बळ आणि तेच त्याचे मर्मस्थान आहे.

आता त्या वरच्या टप्प्याचा प्रश्न. ठेंगणा, रुंद पावलांचा हा ट्रॅक्टर उतारावर भरवशाचा वाटतो आणि काही अंशी तसा असतोही. परंतु कंबर वाकली की चार चाकांनी व्यापलेल्या आधाराचा आकार बदलतो आणि गुरुत्वमध्य त्या आकाराच्या एका कडेजवळ सरकतो. सरळ उभा असताना जो स्थिर, तोच पूर्ण वळणावर अस्थिर होऊ शकतो. शिवाय चालक दोहोंपैकी एकाच भागावर बसलेला असतो. दुसरा भाग किती कलला, हे त्याच्या बैठकीला कळत नाही. पीळ अडकावापर्यंत पोचला आणि त्याच्या स्वतःच्या भागाने उचल घेतली, म्हणजे मग कळते. तेव्हा सावरायला वेळ उरलेला नसतो. म्हणूनच आडव्या उतारावर तीव्र वळण घेऊ नये आणि अडकाव कोठे आहे हे आधीच ठाऊक असावे.

ट्रॅक्टर उलटणे हे शेतीकामातील मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर सुरक्षा-कमान सक्तीची केली आणि पुढे अनेक देशांनी तो मार्ग स्वीकारला. जुन्या यंत्रावर अशी कमान नसण्याचा संभव असतो. असली तरी वेलींखालून जाता यावे म्हणून ती बहुधा दुमडण्याजोगी असते. दुमडलेली कमान उलटताना वाचवीत नाही. मोकळ्या उतारावर येताच ती उभी करावी आणि पट्टा बांधावा. कमान नसलेल्या यंत्रावर उतारावर जाण्यास नम्रपणे, पण स्पष्टपणे नकार द्यावा. नवख्या कामगाराला असा नकार जड जातो, हे खरे. परंतु यंत्र पारखून, कारणे दाखवून दिलेला नकार मालकालाही ऐकावा लागतो. ‘मला भीती वाटते’ या वाक्यापेक्षा ‘याला कमान नाही आणि पिनेत एवढा खेळ आहे’ हे वाक्य अधिक वजनदार असते.

कंबर, पीळ, भार आणि ठोकलेला क्रमांक ही चार ठिकाणे क्रमाने पाहिली, तर निनावी यंत्रही बरेच काही सांगून जाते. आपल्या मुलामुलींच्या हाती उद्या कोणतीही यंत्रे येवोत, किल्ली फिरवण्यापूर्वी त्यांच्याभोवती एक सावकाश फेरी मारण्याची सवय त्यांना लागावी, एवढीच अपेक्षा.