दक्षिणध्रुव-समुद्रांतील मासे

पाणी शून्य अंशावर गोठतें, हें शाळेंतील लहान मुलांसहि ठाऊक असतें. परंतु समुद्राचें पाणी खारें असल्यामुळें तें त्याहूनहि थंड होईपर्यंत पातळ राहतें. सेल्सिअस मापाच्या उणे १.९ अंशाजवळ आलें, म्हणजे मग त्याचा बर्फ होऊं लागतो. माशाच्या रक्तांतहि क्षार असतात, पण समुद्राच्या मानानें ते बरेच कमी. म्हणून सामान्य समुद्री माशाचें रक्त उणे ०.७ अंशाच्या सुमारासच गोठावयास लागतें. ह्या दोन आंकड्यांचा मेळ वाचकांनीं स्वतःच घालून पाहावा. अंटार्क्टिका खंडाच्या किनाऱ्यास अशा कित्येक जागा आहेत, कीं जेथील पाणी उन्हाळा-हिवाळा उणे १.९ अंशाच्या आसपासच असतें. तेथें आमचा कोंकणांतील बांगडा नेऊन सोडला, तर पाणी पातळ राहील आणि बांगडाच मरून लांकडासारखा ताठ होईल. आणि तरीहि त्या पाण्यांत मासे आहेत. थोडेथोडके नव्हेत, तर शंभरांहून अधिक जातींचे. ते जगतात कसे, खातात काय, आणि इतक्या दूर असूनहि माणसाच्या जाळ्यांत ते कसे सांपडले, हें येथें सांगावें असा आमचा विचार आहे.

ह्या माशांची विद्वानांशीं पहिली गांठ पडली ती मोठ्या गमतीनें. जेम्स रॉस हा इंग्रज दर्यावर्दी १८३९ ते १८४३ ह्या काळांत दक्षिणसमुद्रांत फिरत होता. १८४२ सालीं त्याच्या ‘टेरर’ जहाजाच्या नाळेवर लाटांबरोबर उडून आलेला एक मासा बर्फांत चिकटलेला आढळला. जहाजावरील डॉक्टरानें घाईघाईनें त्याचें एक कच्चें चित्र काढलें. आतां मासा मद्यार्कांत घालून ठेवावयाचा, तोंच जहाजावरील मांजरीनें तो पळवून फस्त केला! मागें राहिलें तें चित्र. शास्त्रास मार्जारजातीनें दिलेला हा त्रास लहान समजूं नये; कारण तो मासा बहुधा त्याच विलक्षण कुळांतला होता, ज्याची हकीकत पुढें यावयाची आहे.

न गोठण्याचें कोडें उलगडलें तें त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं. आर्थर डेव्ह्रीज ह्या अमेरिकन संशोधकानें १९६० नंतरच्या दशकांत मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या बर्फास भोंकें पाडून मासे धरले आणि त्यांचें रक्त तपासलें. त्यांत केवळ मीठ अधिक नव्हतें. साखरेचे अंश जडलेलें एक विशेष प्रथिन त्यांत होतें. १९६९ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. ह्या प्रथिनाचें काम मोठें चतुराईचें आहे. माशाच्या अंगांत बर्फाचे सूक्ष्म कण शिरतातच. पाण्याबरोबर, अन्नाबरोबर ते पोटांत जातात. परंतु कण दिसला कीं हें प्रथिन त्यास चिकटतें आणि त्याची वाढ तेथल्या तेथें थोपवितें. बर्फ नाहींसा होत नाहीं. त्यास मोठें होऊं दिलें जात नाहीं, इतकेंच. पुढें १९९७ सालीं असें दिसून आलें, कीं हें प्रथिन बनविणारें जनुक मूळच्या एका पाचक रसाच्या जनुकापासून घडलें आहे. घरांतील जुन्या कढईचें पत्रें कापून छपराचें भोंक बुजवावें, तसलाच हा प्रकार होय. अंटार्क्टिका खंड इतर भूमीपासून तुटून थंड होत गेलें तेव्हां तेथील बहुतेक मत्स्यकुळें नष्ट झालीं. ज्यास हें साधन लाभलें तें एकच कुळ, नोटोथेनिया नांवाचें, फोफावलें. आज किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यांत सांपडणाऱ्या माशांचा फार मोठा हिस्सा ह्याच एका कुळाचा असतो.

ह्या कुळाची एक शाखा तर सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत निराळी आहे. तिच्या माशांचें रक्त तांबडें नसतें. तें पाण्यासारखें स्वच्छ असतें. दक्षिण जॉर्जिया बेटावरील देवमाशांचे शिकारी ‘बिनरक्ताच्या माशा’च्या गोष्टी सांगत, परंतु त्या ऐकून योहान रूड नांवाच्या तरुण नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञास १९२९ सालीं त्या थापाच वाटल्या. त्याच्याच देशाच्या डिटलेफ रुस्टाड ह्यानें १९२७ सालीं बूव्हे बेटापाशीं असा मासा प्रत्यक्ष धरला होता. तें कळल्यावर रूडच्या मनांतून ती गोष्ट जाईना. अखेर १९५३ सालीं त्यानें दक्षिण जॉर्जियाची वाट धरली व पुढच्या वर्षीं निकाल जाहीर केला: ह्या माशांस तांबड्या पेशी नाहींत, आणि प्राणवायु वाहून नेणारें हिमोग्लोबिनहि नाहीं. अशा सोळा जाती ठाऊक आहेत. इंग्रजींतील त्यांच्या नांवाचा अर्थ ‘बर्फमासा’ असा आहे.

मग प्राणवायु शरीरांत पोंचतो कसा? थंड पाण्यांत प्राणवायु अधिक मुरतो, आणि तो रक्ताच्या पाण्यांत नुसता विरघळूनच वाहिला जातो. परंतु असें रक्त तांबड्या रक्ताच्या एक दशांशहि प्राणवायु वाहूं शकत नाहीं. ती उणीव भरून काढण्यासाठीं ह्या माशाचें हृदय मोठें असतें, शरीरांतील रक्त कित्येक पटींनीं अधिक असतें, आणि अंगावर खवले नसल्यामुळें कातडीवाटेंहि थोडा प्राणवायु आंत येतो. तांबडें रक्त जाणें हा लाभ होता असें कित्येक शास्त्रज्ञ मानीत नाहींत. तो एक अपघात होता, आणि थंड पाणी होतें म्हणूनच तो निभावला, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस हेंच मत पटतें. कारण त्याचा दुसरा अर्थ असा, कीं पाणी ऊन झालें तर ह्या माशांस पळावयास जागा नाहीं. ह्याच कुळांतील तांबड्या रक्ताच्या कांहीं जातीसुद्धां पांच-सहा अंशांच्या पाण्यांत मरतात, हें १९६७ सालींच सिद्ध झालें आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यानें ज्यांस जाळून मारावें, असे हे जीव!

आतां त्यांच्या आहाराकडे वळूं. मासा काय खातो हें जाणण्याचा मार्ग साधा आहे: त्याचें पोट फाडून पाहावयाचें. दक्षिणसमुद्रांत बहुतेक वेळां त्यांत निघतो तो क्रिल. हा कोळंबीसारखा, बोटभर लांबीचा जीव. आपल्याकडील जवळ्याचा थोरला भाऊच म्हणाना. देवमासे, पेंग्विन, सील आणि मासे असे सर्वच त्याच्या पंक्तीस बसलेले असतात. दक्षिण जॉर्जियापाशीं राहणारा एक बर्फमासा मुख्यतः क्रिलवर जगतो. परंतु कांहीं वर्षीं क्रिल तिकडे फिरकत नाहीं. मग मासा दुसरे बारीक जीव खाऊन दिवस काढतो व रोडावतो. आणि त्याच वर्षीं क्रिलवांचून भुकेले केसाळ सील ह्या माशावरच अधिक तुटून पडतात. म्हणजे एकाच दुष्काळाचे दोन तडाखे त्यास बसतात. हें कळल्यावांचून किती मासे धरावे ह्याचा हिशेब मांडतां येत नाहीं. ह्याशिवाय एक लहानसा रुपेरी मासा आहे; त्याची अंडीं समुद्रावरील बर्फाच्या खालच्या अंगास, बर्फाच्या पापुद्र्यांत सांपडतात, हें इटालियन संशोधकांनीं २००२ सालीं पाहिलें. ज्याची गाबोळी बर्फांत उबते, त्याचा बर्फ वितळला तर काय होईल, हा प्रश्न कोणासहि सुचेल. पेंग्विन, सील व मोठे मासे ह्या रुपेरी माशावरच पोसलेले असतात.

माणसानें ह्या मत्स्यधनास हात घातला तो एकदम घोडचूक करून. दक्षिण जॉर्जियाच्या आसपास संगमरवरासारख्या ठिपक्यांचा एक नोटोथेनिया मासा होता. १९६९-७० च्या हंगामांत सोव्हिएट जहाजांनीं त्याचे सुमारें ४,००,००० टन मासे काढले. पुढच्या हंगामीं १,००,००० टनांच्या आसपास मिळाले. त्याच्या पुढच्या हंगामीं ३,००० टनहि नाहींत! थंड पाण्यांतील मासा सावकाश वाढतो; अंडीं घालण्याजोगा होण्यास त्यास कित्येक वर्षें लागतात. मुद्दल खाऊन टाकल्यावर व्याज कोठून यावें? १९८५ सालीं त्या जातीची शिकार बंद करण्यांत आली.

ह्या अनुभवानें शहाणपण आलें. १९८० सालीं कॅनबेरा येथें ह्या समुद्रांतील जीवांच्या रक्षणाचा करार झाला व १९८२ सालीं तो अमलांत आला. त्याचें कार्यालय होबार्ट येथें आहे. धरावयाचा मासाच नव्हे, तर त्याच्यावर जगणारे प्राणीहि विचारांत घ्यावयाचे, हें त्याचें मुख्य सूत्र. भारत १९८६ पासून त्या मंडळाचा सभासद आहे. १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नायक डॉ. कासिम हे स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञच होते. आणि आजहि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेंतूनच ह्या मोहिमांची व्यवस्था पाहिली जाते.

हल्लीं सर्वांत मोल आहे तें ‘टूथफिश’ अर्थात् दांताळ माशास. ह्याच्या दोन जाती. खंडाजवळची जात दीड-दोन मीटर लांब, शंभर किलोपर्यंत वजनाची होते व चाळीस वर्षांहूनहि अधिक जगते. कानांतील खड्यावरचीं वलयें मोजून हें वय काढतात. हजारों गळ लावलेली कित्येक किलोमीटर लांबीची दोरी खोल समुद्रांत सोडून त्यास धरतात. प्रारंभीं आमिषावर झडप घालणारे अल्बट्रॉस पक्षी त्या गळांत अडकून मोठ्या संख्येनें बुडाले. पुढें दोरी रात्रींच सोडावी, तीस वजनें बांधावींत, वर फडफडत्या पट्ट्या लावाव्या, असे नियम झाले आणि दक्षिण जॉर्जियापाशीं हे मृत्यु जवळजवळ थांबले. चोरटी शिकार थांबविणें त्याहून कठीण. २००३ सालीं ‘व्हिआर्सा १’ ह्या जहाजाचा ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजानें हिमनगांतून एकवीस दिवस, सुमारें ७,२०० किलोमीटर पाठलाग केला व इतर देशांच्या साह्यानें तें पकडलें. खलाशांवर खटला झाला. २००५ सालीं ते निर्दोष सुटले!

ह्या समुद्राचें दप्तर अजून पुरतें उघडलेलें नाहीं. २०२१ च्या फेब्रुवारींत ‘पोलरस्टर्न’ ह्या जर्मन जहाजानें वेडेल समुद्रांत बर्फाखालीं कॅमेरा ओढीत नेला, तों तळाशीं एकाजवळ एक वाटोळीं घरटीं दिसूं लागलीं. प्रत्येक घरटें सुमारें पाऊण मीटर रुंद. त्यांत सरासरी हजार-दीड हजारांवर अंडीं, आणि बहुतेकांवर राखण करीत बसलेला एकेक बर्फमासा. सुमारें २४० चौरस किलोमीटरांत अशीं ६ कोटी घरटीं असावींत, असा अंदाज पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला. रॉस समुद्राचा १५,५०,००० चौरस किलोमीटरांचा भाग २०१७ च्या डिसेंबरापासून संरक्षित झाला आहे. वेडेल समुद्रासाठीं तसाच प्रस्ताव २०१६ पासून मंडळापुढें होता. २०२१ सालीं भारतानेंहि त्यास पाठिंबा जाहीर केला. परंतु मंडळाचा प्रत्येक निर्णय एकमतानेंच व्हावा लागतो, आणि २०२४ च्या बैठकीअखेर तें एकमत झालेलें नव्हतें.