स्वतःवरील प्रीती आणि संत फ्रान्सिस डी सेल्स

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. त्या प्रीतीचे माप प्रभू येशूने आपल्या स्वतःवरील प्रीतीवरूनच ठरविले आहे (मार्क १२:३१), याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. स्वतःवर प्रीती म्हणजे स्वार्थ, अशीच आपली समजूत असते.

ही समजूत दूर करणारी शिकवण मराठवाड्याला परकी नाही. १८९२ साली घोगरगाव येथे मिशनकार्य सुरू करणारे धर्मगुरू फ्रान्सलियन संघाचे होते. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचे कथीड्रलही त्या संघाच्या आश्रयदात्या संताच्याच, म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच, नावाचे आहे. संसारी माणसांसाठी लिहिलेला त्यांचा भक्तिमार्गावरील ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःशी सौम्यतेने वागण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हातून चूक झाली की आपण स्वतःवर संतापतो, आणि पुढे त्या संतापाचाही आपल्याला संताप येतो. ही खंत पश्चात्तापातून येत नाही, तर अहंकारातून येते, असे त्यांचे निदान आहे. आपल्यासारख्याच्या हातून असे घडलेच कसे, हे आपल्याला सोसवत नाही! शांत चित्ताचा न्यायाधीश अधिक योग्य निवाडा करतो, तद्वत आपणही आपल्या अंतःकरणाला करुणेने समजवावे, असे ते सुचवितात.

मनाचे हे जसे, तसेच शरीराचेही. शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडून पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. या दुःखाला गरिबी, मुकादमी आणि काही डॉक्टरांचा लोभ कारण आहे. त्या माउलींना ‘स्वतःवर प्रेम करा’ एवढाच उपदेश करणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते. परंतु आपले दुखणे दुर्लक्ष करण्याजोगेच आहे, असे बाईला लहानपणापासून घरातच शिकविले जाते, हेही तितकेच खरे. तेवढे तरी आपल्या हाती आहे. ती आजारी असताना तिला आधी जेवू घालावे, आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास घरच्या माणसाने सोबत जाऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.