भयकथांचा गुच्छ आणि प्रेक्षकांचा मतभेद : एक भाषिक विचार

इंग्लंडमधील ईलिंग स्टुडिओने १९४५ साली 'डेड ऑफ नाइट' हा चित्रपट प्रदर्शित केला. त्यात पाच स्वतंत्र अतिमानुष कथा असून त्या एका सहाव्या कथेच्या चौकटीत बसविलेल्या आहेत. वॉल्टर क्रेग नावाचा एक वास्तुशिल्पी एका खेड्यातील घरी पाहुणा म्हणून येतो आणि जमलेल्या मंडळींना आपण पूर्वी स्वप्नात पाहिले आहे असे सांगतो. त्यावर प्रत्येक जण आपापला विलक्षण अनुभव कथन करतो. एक मनोवैज्ञानिक तेवढा प्रत्येक अनुभवाचा बुद्धिगम्य उलगडा करू पाहतो. दिग्दर्शक चार : अल्बेर्तो काव्हालकांती, चार्ल्स क्रायटन, बेसिल डिअर्डन आणि रॉबर्ट हॅमर. या चित्रपटापासून कथागुच्छात्मक भयपटांची एक परंपराच ब्रिटनमध्ये सुरू झाली. १९६५ चा 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स' आणि जेरेमी डायसन व अँडी नायमन यांचा २०१७ चा 'घोस्ट स्टोरीज' ही तिची पुढची उदाहरणे होत.

या परंपरेतील चित्रपटांविषयी एक गोष्ट नेहमी आढळते. प्रेक्षकांचे त्यांच्याविषयी एकमत होत नाही. कोणी त्यांना भयपटांतील श्रेष्ठ कृती मानतो, तर कोणी 'भीती अशी वाटलीच नाही' म्हणून हात झटकतो. 'डेड ऑफ नाइट'मधील शब्दभ्रमकार आणि त्याचा बाहुला यांची कथा व झपाटलेल्या आरशाची कथा या दोहोंची स्तुती बहुतेकांनी केली. गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची विनोदी कथा मात्र अनेकांना या गुच्छात उपरी वाटली. अमेरिकेत चित्रपट गेला तेव्हा वितरकांनी ही गोल्फची कथा आणि नाताळच्या मेजवानीची कथा अशा दोन्ही गाळून टाकल्या. शेवटच्या दुःस्वप्नात क्रेग सर्व कथांतून धावत सुटतो, आणि त्यांतील एक प्रसंग तेथील प्रेक्षकांनी पूर्वी पाहिलेलाच नव्हता! आपल्याकडेही असे घडले आहे. सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या' (१९६१) या बंगाली कथात्रयीतील 'मणिहारा' ही भूतकथा परदेशी प्रदर्शनातून वगळली गेली आणि तीन कन्यांच्या दोनच उरल्या. गुच्छातील फूल उपटून घेता येते हा समज सर्वत्रच आहे.

मतभेदाचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, अनेक कथा व अनेक दिग्दर्शक असल्यामुळे कृती विषम होते. अनुराग कश्यप, झोया अख्तर, दिबाकर बॅनर्जी व करण जोहर या चौघांचा 'घोस्ट स्टोरीज' हा हिंदी कथागुच्छ १ जानेवारी २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आला तेव्हाही समीक्षकांनी बॅनर्जी यांचा भाग विशेष वाखाणला आणि उरलेल्यांना कमी-अधिक गुण दिले. हे स्पष्टीकरण खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे. एकाच दिग्दर्शकाच्या एकाच कथेविषयी दोन प्रेक्षक परस्परविरुद्ध अभिप्राय देतात, त्याची उपपत्ती विषमतेने लागत नाही. 'भीती वाटली' आणि 'भीती वाटली नाही' ही दोन विधाने ज्या भाषेत केली जातात, त्या भाषेकडेच प्रथम पाहावयास हवे.

मराठीत भीतीचा अनुभव घेणारा मनुष्य एकाच विभक्तीत उभा नसतो. 'मला भीती वाटली' यात तो चतुर्थीत आहे. भीती ही कर्ता आहे आणि ती त्याच्याकडे येते. 'मी दचकलो', 'मी घाबरलो' यांत तो स्वतः कर्ता होऊन प्रथमेत येतो. 'त्याने धसका घेतला' यात तो तृतीयेत आहे, आणि 'घेणे' हे क्रियापद पाहता जणू त्याने तो धसका आपण होऊन पत्करला आहे. 'त्याच्या उरात धडकी भरली' येथे तर माणूस बाजूला सरतो आणि त्याचे ऊर हे केवळ एक स्थान होते. भांड्यात पाणी भरावे तशी त्यात धडकी भरते. ही रूपे केवळ शैलीचे पर्याय नाहीत. त्यांचा कालही निराळा आहे. दचकणे क्षणाचे असते. भीती वाटणे हे कारण समोर असेपर्यंत टिकते. धसका मात्र कारण नाहीसे झाल्यावर उरतो. किंबहुना कारण नाहीसे झाल्यावरच तो ओळखू येतो. त्यामुळे 'दोनदा दचकलो, पण भीती काही वाटली नाही' असे म्हणणारा प्रेक्षक स्वतःशी विसंगत बोलत नसतो. त्याने दोन वेगळ्या घटनांची नोंद केलेली असते.

अमरावतीत हा भेद आणखी एका अंगाने दिसतो. चित्रा, श्याम अशा चित्रगृहांवरून चौकांना नावे मिळालेले हे शहर आहे. राजापेठेत रात्रीचा खेळ पाहून परतणारी मंडळी प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी यांच्या मधल्या वाटेने बोलतात. वऱ्हाडीत 'मले भेव लागते' असे सहज म्हटले जाते. हिंदीतील 'डर लगना' या प्रयोगाचे सान्निध्य येथे उघड आहे. परंतु वऱ्हाडीच्या आणि एकंदर मराठीच्या घरात 'लागणे' या क्रियापदाचे स्वतःचे मोठे कुटुंब आहे. भूक लागते, तहान लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, आणि भूतही लागते. या सर्वांत बाहेरची किंवा आतली एखादी शक्ती माणसाला येऊन चिकटते आणि तो चतुर्थीत राहून ती सोसतो. 'भेव लागले' असे म्हणणारा आपल्या भयाला भुताच्याच व्याकरणात बसवितो. 'भीती वाटली' म्हणणारा तसे करीत नाही. 'वाटणे' या क्रियापदात मत आणि भास या दोहोंची छटा असल्यामुळे तो स्वतःला माघारीची वाट ठेवतो. वाटले ते खरे नसूही शकते.

ही साधने हाती घेतली की 'डेड ऑफ नाइट'च्या कथा एका माळेतील मणी राहत नाहीत. पहिल्या कथेत मोटारशर्यतीत जखमी झालेला खेळाडू रुग्णालयाच्या खिडकीतून प्रेतवाहक गाडी पाहतो. पुढे एका बसचा वाहक त्याच चेहऱ्याचा निघतो. खेळाडू बसमध्ये चढत नाही आणि ती बस अपघातात सापडते. ई. एफ. बेन्सन यांच्या १९०६ मधील कथेवर हा भाग आधारलेला आहे. येथे भूत कोणाला लागत नाही. फक्त चाहूल लागते. नाताळच्या कथेत एक मुलगी रडणाऱ्या लहान मुलाला थोपटते आणि नंतर तिला कळते की तो मुलगा कधीच मारला गेला होता. तिची पार्श्वभूमी १८६० मधील एका खऱ्या खुनाची आहे. येथे भयापेक्षा करुणाच वरचढ ठरते, आणि भय शोधावयास आलेल्या प्रेक्षकाला ती निष्प्रभ वाटावी यात नवल नाही. आरशाच्या कथेत मात्र शुद्ध झपाटणे आहे : आरशातील परकी खोली आणि तिच्या जुन्या मालकाचा मत्सर नव्या मालकाच्या ठायी उतरतो. उपरी म्हणून हिणविली गेलेली गोल्फची कथा एच. जी. वेल्स यांच्या एका कथेवर बेतलेली आहे. तिच्यातील भूत अदृश्य होण्याच्या खुणा विसरते आणि मित्राच्या मानगुटीस बसते. मराठी मनाला हे भूत मुळीच अपरिचित वाटू नये. पिंपळावरचा मुंजा असाच हट्टी, खोड्या करणारा आणि लग्न राहून गेलेला असतो.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीत भुतांची जातवारी फार बारीक आहे. मौंजीनंतर व विवाहापूर्वी मेलेला तो मुंजा, बाळंतपणाशी जिच्या मृत्यूचा संबंध ती हडळ, मृत ब्राह्मणाचा समंध, मुसलमानाचा खवीस. 'खवीस' हा शब्द तर अरबी 'खबीस'वरून आला आहे. मृत्यूची अवस्था, जात आणि धर्म हे सारे नावातच कळते. अपुऱ्या राहिलेल्या संस्काराचे किंवा वासनेचे ते एक टिपणच असते. इंग्रजी भुताला अशी नावे बहुधा नसतात; ते आपली कहाणी सांगते तेव्हाच त्याची ओळख पटते. म्हणून त्या परंपरेत चौकटीला आणि कथनाला एवढे महत्त्व येते. आदित्य सरपोतदार यांचा हिंदी 'मुंज्या' (२०२४) पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला नाव ऐकताच निम्मी कथा ठाऊक झाली होती, इतरांना ती सांगावी लागली.

आता बाहुल्याची कथा. मायकेल रेडग्रेव्ह यांनी रंगविलेला शब्दभ्रमकार मॅक्सवेल फ्रेर आपल्या ह्यूगो या बाहुल्याच्या कह्यात जातो आणि शेवटी त्याच्याच तोंडून ह्यूगोचा आवाज निघतो. मराठी प्रेक्षकाला याच्या जवळचा अनुभव १९९३ मध्ये आला. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मध्ये एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. तो तात्या विंचू शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडविलेला होता. चित्रपट विनोदी म्हणून आला आणि विनोदी म्हणूनच गाजला. पण त्या काळी लहान असलेल्या एका पिढीला त्या बाहुल्याचा धसका बसला, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. एकाच खेळात वडील हसत होते आणि मूल डोळे झाकीत होते. कथागुच्छात जो मतभेद कथा बदलल्यामुळे होतो असे म्हणतात, तो येथे एकाच कथेत, एकाच बाकावर घडला. नावाचे रूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. 'झपाटलेला' आणि त्याच दिग्दर्शकाचा 'पछाडलेला' (२००४) ही दोन्ही कर्मणी धातुसाधिते आहेत : भुताने ज्याला झपाटले तो, ज्याला पछाडले तो. शीर्षकात भूत नाही. भुताचा बळी आहे. 'घोस्ट स्टोरीज'सारख्या नावात मात्र भूत आणि कथा असतात, बळी नसतो. पहिल्या प्रकारचे नाव प्रेक्षकाला सोसणाऱ्याच्या जागी बसविते, दुसरे त्याला श्रोत्याच्या जागी.

संस्कृत काव्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. भरतमुनींनी बीभत्सापासून भयानक, वीरापासून अद्भुत आणि शृंगारापासून हास्य उद्भवते असे मानले. या हिशेबाने भय आणि विस्मय यांची कुळे मुळातच निराळी ठरतात. आरशाची कथा पाहताना ज्याला विस्मय वाटतो तो भयाच्या अभावाबद्दल तक्रार करील, आणि ती तक्रार त्याच्यापुरती खरीच असेल. अभिनवगुप्तांनी रसाच्या मार्गातील विघ्नांमध्ये पहिले स्थान संभावनाविरहाला, म्हणजे 'असे घडणे शक्य नाही' या प्रतीतीला दिले. आणि भयानकाच्या उदाहरणासाठी शाकुंतलातील पळणारा मृग निवडला. तेथील भय मृगाचे नाही, दुष्यंताचेही नाही, प्रेक्षकाचे स्वतःचेही नाही. ते कोणाच्याच मालकीचे नसलेले भय आहे. मराठीची वाक्यरचना मात्र मालक विचारल्यावाचून राहत नाही. 'भीती वाटली' म्हटले की 'कोणाला?' हा प्रश्न उभा राहतोच. रसिक ज्या साधारणीकृत भयाचा अनुभव घेतो, तो सांगावयास आपल्या बोलीत सोयीचे क्रियापद नाही. म्हणून तो 'मजा आली' असे म्हणून मोकळा होतो, आणि ऐकणारा समजतो की याला भय वाटले नाही.

चौकटीच्या बाबतीत आपली परंपरा जुनी आहे. सातवाहनांच्या दरबाराशी जिचा संबंध परंपरेने जोडला जातो ती गुणाढ्याची 'बृहत्कथा' पैशाचीत होती, आणि दंडीने त्या भाषेस भूतभाषा म्हटले आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यापेक्षा मनोरंजक योगायोग क्वचितच सापडेल. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून वेताळाच्या पंचवीस कथा सर्वत्र गेल्या आणि १८३० साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी त्या मराठीत आणल्या. तेथे चौकटीचे काम शंका घेणे हे नाही. वेताळ प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, आणि उत्तर दिल्यामुळेच वेताळ पुन्हा झाडावर जातो; अखेरच्या कथेत राजा निरुत्तर होतो तेव्हा ती येरझार थांबते. क्रेगची येरझार थांबत नाही. तो जागा होतो, दूरध्वनी वाजतो आणि तो त्याच घराकडे निघतो. (हा वर्तुळाकार शेवट पाहून बाँडी, गोल्ड व हॉईल या शास्त्रज्ञांना आरंभ नसलेल्या विश्वाची कल्पना सुचली, असे त्यांच्याकडूनच सांगितले गेले आहे, १९४८ मध्ये त्यांनी ती मांडली.) २०१७ च्या 'घोस्ट स्टोरीज'च्या शेवटी सर्व प्रकरणे एका निश्चल रुग्णाच्या मनात घडल्याचे उघड होते. काहींना तो शेवट मार्मिक वाटला, काहींना फसवणूक वाटली. ज्यांना 'भेव लागले' होते त्यांना ते 'वाटले' होते एवढेच सांगून चित्रपटाने परत पाठविले, हा त्यांच्या रागाचा अर्थ आहे, आणि तो राग अनाठायी म्हणता येत नाही. चौकट जेव्हा आतील कथांना रद्द करते, तेव्हा हानी कथांचीच होते. 'डेड ऑफ नाइट'ने ती टाळली, कारण तेथे जागे होणे हीच पुढची भयकथा आहे.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चे उदाहरण शेवटी घेण्याजोगे आहे. तो गुच्छ नव्हे, पण १९१८, १९३३ व १९४७ अशा तीन खंडांत तो विभागलेला आहे. त्याची प्रेरणा दिग्दर्शकाला १९९३ मध्ये विदर्भातील नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने सांगितलेल्या, नारायण धारपांच्या कथेतून मिळाली असे प्रसिद्ध आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी गौरविला, पण प्रेक्षक बेताचेच आले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवून गेला. मधल्या काळात चित्रपटाची एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती त्याच्याविषयी बोलण्याची भाषा. पहिल्या वेळी 'भीती वाटते का?' असे विचारून लोक गेले. दुसऱ्या वेळी हव्यासाची कथा म्हणून तो आधीच परिचित झाला होता.

अशा चित्रपटांविषयी वऱ्हाडात प्रेक्षकांची पाहणी करावयाची झाल्यास प्रश्नावलीत 'भीती वाटली काय?' हा एकच प्रश्न ठेवून भागणार नाही. दचकणे, भेव लागणे, किळस येणे, नवल वाटणे व धसका बसणे यांचे प्रश्न निरनिराळे, प्रत्येक कथेपुरते आणि उत्तर देणाऱ्याच्या बोलीत विचारावे लागतील. त्यांतील पहिले चार चित्रगृहाच्या दारातच विचारता येतील. धसक्याचा प्रश्न विचारण्यासाठी मात्र आठवड्याने त्याच्या घरी जावे लागेल, आणि तेही दिवेलागणीनंतर गेल्यास बरे.