छायाचित्रांच्या मासिकाचा एक चांगला अंक

छायाचित्रांच्या मासिकाचा नवा अंक वाचनालयांत आला म्हणजे आमचे विद्यार्थी तो दोन मिनिटांत चाळून खालीं ठेवतात. इतक्या घाईनें तर पोस्टानें आलेलें पाकीटही कोणी पाहत नाहीं! अशा अंकाचा आस्वाद कसा घ्यावा हें सांगण्यापूर्वीं जुन्या मुंबई इलाख्यांतील एका प्रकाशनाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

छायाचित्रणाची कला पॅरिस येथें १८३९ सालीं जाहीर झाली. पुढें पंधरा वर्षांतच, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस हौशी छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळांत होते. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन या दोघांनीं १८५६ सालच्या अखेरीस ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ या नांवाचें मासिक सुरू केलें. १८५८ पर्यंत त्याचे २४ अंक निघाले, आणि प्रत्येक अंकांत चित्रें असत अवघीं तीन.

तीनच कां? फोटो छापावयाचा हाफटोन ठसा तेव्हां निघालाच नव्हता. कांचेवर कलोडियनचा थर द्यावा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावी व सुकण्यापूर्वीं रसायन ओतून चित्र उमटवावें, असा सारा खटाटोप. वैशाखांत ओली कांच किती वेळ ओली राहते हें डहाणूकरांस सांगावयास नको. पुढें अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ती कांच दाबून उन्हांत धरीत, व तयार झालेली प्रत अंकांत चिकटवीत. शंभर वर्गणीदार असले तर प्रत्येक चित्राच्या शंभर प्रती, आणि त्याही सूर्याच्या मर्जीवर!

अशा जुन्या प्रतीवर भिंग धरलें तर ठिपके दिसत नाहींत. हल्लींच्या अंकावर धरलें तर चार रंगांच्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. मुलांनीं हा प्रयोग अवश्य करावा. मग चित्राखालचा मजकूर हातानें झांकावा. उजेड कोणत्या बाजूनें आला, सावली लांब कीं आंखूड, हें पाहून दिवसाची वेळ ओळखावी. चांगल्या अंकांत भिंगाच्या छिद्राचें माप व प्रकाश आंत घेण्याचा अवधि दिलेला असतो. हात काढून आपला तर्क त्याशीं ताडून पाहावा. यांत जी मौज आहे ती नुसत्या पानें उलटण्यांत नाहीं.

आमचें मन अडतें तें मात्र नांवापाशीं. त्या आल्बमांत कित्येक चित्रांखालीं माणसाची जात किंवा धंदा आहे. माणूस कोण, तें नाहीं. दीड शतकाहून अधिक काळ लोटला, तरी कोसबाडकडच्या एखाद्या आजीबाईंचें चित्र गुळगुळीत कागदावर छापून यावें आणि खालीं ‘वारली स्त्री’ एवढेंच असावें! चित्रें काढणारा वारली नांवानें ओळखला जातो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. छायाचित्रांत बसलेल्या वारल्याची पाळी अजून यावयाची आहे.

पालकांच्या घरीं लग्नकार्याचे, शेतावरचे जुने फोटो असतील. मुलांनीं ते वडीलधाऱ्यांपुढें ठेवून प्रत्येकाचें नांव विचारावें व मागील बाजूस डावीकडून क्रमानें लिहावें. पेन्सिल मऊ घ्यावी. शाई कागदांतून उतरून चेहऱ्यावर येते.